चित्र मुरते तेव्हा

१

चित्रकार चित्र काढतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. तो कुंचला हातात घेतो, रंग कालवतो, कापडावर लावतो आणि चित्र पुरे झाले की खाली सही करतो. आपल्या मनातला चित्रकार नेहमी असाच असतो : उभा, हात उचललेला, दोन पावले मागे सरून एक डोळा मिटणारा. सिनेमांनी आणि मासिकांच्या मुखपृष्ठांनी ही प्रतिमा इतकी पक्की करून ठेवली आहे की, हात न हलवता तासन् तास नुसता बसलेला चित्रकार कोणी आपल्यापुढे आणला, तर तो काम करतो आहे हे आपल्याला पटायचे नाही. बिचाऱ्याला काही सुचत नसेल, असे आपण तोंडाने म्हणू. आळशी दिसतो, असे मनात म्हणू.

प्रस्तुत लेख ज्या चित्रकाराविषयी आहे, त्याने आयुष्याचा फार मोठा भाग असा नुसता बसून काढला. वासुदेव गायतोंडे हे त्यांचे नाव. घराणे गोव्याचे, जन्म १९२४ साली नागपूरचा, वाढ मुंबईत गिरगावातल्या चाळीत. १९४८ साली त्यांनी जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. पुढे सूझा, रझा, हुसेन या मंडळींच्या प्रोग्रेसिव्ह गटाने त्यांना आपल्यात बोलावून घेतले. १९७१ साली पद्मश्री मिळाली, १९७२ साली मुंबई सोडून ते दिल्लीस जाऊन राहिले आणि २००१ साली त्यांचा अंत झाला. संसार त्यांनी केला नाही. चित्राखेरीज दुसरे कशाचे ओझे त्यांनी अंगावर घेतले नाही, आणि तरीही त्यांच्या हातून वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे होत.

पाच-सहा चित्रे! हिशेब करायचा तर एका चित्राला दोन महिने पडले. या साठ दिवसांत कापडाला प्रत्यक्ष रंग लागला असे दिवस मोजकेच. मग उरलेल्या दिवसांत काय चालले होते? माझ्या मते गायतोंड्यांच्या कलेचे मर्म त्या उरलेल्या दिवसांत आहे, आणि त्यांच्याविषयी जे काही लिहिले-बोलले जाते त्यात नेमका तोच भाग एकतर वगळला जातो किंवा त्याला हळदकुंकू वाहून मोकळे होण्यात येते.

२

या प्रश्नाचे पहिले उत्तर अगदी साधे आहे, आणि ते रंगाच्या नळीत सापडते. तैलरंग म्हणजे रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटून केलेला लेप. पाण्यात कालवलेला रंग पाणी उडून गेले की सुकतो. तेलाचे तसे नाही. जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होत जाते. म्हणून अगदी पातळ थरालाही सुकायला काही दिवस लागतात आणि जाड थराला आठवडे. त्यातही एकेका रंगाचा स्वभाव निराळा. अंबरसारखा मातकट रंग लवकर सुकतो. काही काळे रंग भारी रेंगाळतात. खालचा थर कच्चा असताना वर दुसरा चढवला, तर दोन्ही मिसळून चिखल होतो, नाहीतर पुढेमागे वरच्या थराला तडे जातात. तेव्हा थरांवर थर देऊन चित्र उभे करणाऱ्याला थांबणे भागच असते. ही त्याची लहर नव्हे, त्याच्या सामानाची अट आहे.

गायतोंडे हे थरांचे चित्रकार. आरंभी ते आकृती काढीत. बसोली आणि जैन लघुचित्रांचा त्यांनी मन लावून अभ्यास केला होता, आणि त्या चित्रांतला सपाट, झळझळीत रंग त्यांच्या प्रारंभीच्या कामात ओळखू येतो. मग पॉल क्ले या स्विस चित्रकाराच्या चित्रांशी त्यांचा परिचय वाढला आणि रेषेचे ओझे कमी होऊ लागले. १९६० च्या आसपास माणसे, पक्षी, घरे अशा ओळखीच्या गोष्टी त्यांच्या चित्रांतून गळून गेल्या. पुढे कुंचलाही मागे पडला. त्याच्या जागी आले रोलर आणि रंगाची सुरी. भिंती रंगवणारा कारागीर ज्या हत्याराने एका दिवसात दोन खोल्या उरकतो, त्याच हत्याराने हा माणूस दोन महिन्यांत एक चित्र करीत होता!

रीत अशी : पातळ केलेला रंग रोलरने कापडावर पसरायचा, सुरीने काही ठिकाणी ओढून काढायचा, सुकू द्यायचा, त्यावर पुन्हा दुसरा हात द्यायचा. कधी वर्तमानपत्राचे वा मासिकाचे कपटे रंगवून कापडावर ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा आणि कपटा अलगद उचलून घ्यायचा. मागे राहील तो ठसा. त्यामुळे त्यांच्या चित्रात एखादा आकार दिसतो, तो तिथे लावलेला आहे की तिथून काही उचलून घेतल्यामुळे उरलेला आहे, हे अगदी जवळ जाऊनही सांगता येत नाही. सत्तरच्या दशकातले त्यांचे एखादे उभे चित्र घ्या. सबंध कापडभर एकच रंग, समजा मधासारखा पिवळा. त्यात मधोमध, वरपासून खालपर्यंत, कोणत्याशा विसरलेल्या लिपीतली अक्षरे असावीत अशी काही चिन्हे. ती रंगावर तरंगतात की रंगाच्या आत बुडालेली आहेत, ते ठरत नाही. नुसता पिवळा म्हणून आपण पुढे जाऊ लागतो आणि पाऊल अडते. कारण त्या पिवळ्याच्या खालून दुसरा कसलातरी उजेड येत असतो. तो उजेड म्हणजे खालचे थर. वरचा रंग पातळ असतो, खालच्याला तो पुरता झाकीत नाही. महिनाभरापूर्वी लावलेला रंग आजच्या रंगातून बोलतो. जो वेळ चित्रकाराने बसून काढला असे आपण म्हणालो, तो वेळ असा चित्रात साठलेला असतो.

३

पण रंग सुकण्याची वाट पाहणे एवढेच हे प्रकरण असते, तर कोणीही मनुष्य कापडावर रंग लावून दोन महिने गावाला जाऊन आला असता आणि गायतोंडे झाला असता. तेव्हा दुसरे उत्तर शोधले पाहिजे.

दिवाळीच्या दिवसांत त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या स्वयंपाकघरात एक सुंदर शब्द आहे : मुरणे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत पडतात, रोज त्यांचे पाणी बदलावे लागते. मग ते सुकवून कुटायचे, गूळ घालून मळायचे आणि गोळे डब्यात भरून मुरत ठेवायचे. त्या दिवसांत घरातली बाई अनारशांचे काही करीत असते का? पाहणाऱ्याला वाटेल, नाही. पण मध्येच ती डबा उघडते, पिठाला बोट लावते, वास घेते आणि झाकण लावून ठेवते. केव्हा घ्यायचे हे तिला ठाऊक असते. घाईने कोणी आदल्या दिवशीच पीठ काढले तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विस्कटून जातो, आणि मग कितीही जाळ कमी-जास्त केला तरी तो सावरत नाही.

उपमा इथवर नेता येते, पुढे मात्र सोडून द्यावी लागते. पीठ आपले आपण मुरते. डब्याला कोणी पाहत बसले नाही तरी चालते. चित्राच्या बाबतीत मुरायचे असते ते चित्रकाराला. अर्धवट झालेले चित्र समोर असते आणि त्यापुढे बसलेला माणूस काल आपणच केलेली खूण आज परक्यासारखी पाहत असतो. ती राहू द्यायची की काढून टाकायची? डाव्या कडेचा काळसर पट्टा चित्राला तोलून धरतो आहे, की नुसता बरा दिसतो म्हणून तिथे राहिला आहे? अशा प्रश्नांची उत्तरे हाताकडे नसतात. हाताला सवय असते, आणि सवय नेहमी काल जमलेली गोष्ट आज पुन्हा करू पाहते. हात थांबवल्याखेरीज डोळ्याला बोलायला जागा मिळत नाही.

हे केवळ चित्राचेच आहे असे नाही. कादंबरी लिहिणाऱ्यांना हा अनुभव चांगला परिचयाचा असतो. मधल्या एखाद्या प्रकरणात दोन पात्रे एका खोलीत येऊन गप्प उभी राहतात. त्यांनी काय बोलावे हे सुचत नाही असे नसते. उलट दहा गोष्टी सुचतात, आणि त्या दहाही गोष्टी पूर्वी कुठेतरी कोणीतरी बोललेल्या असतात. त्या दहा नाकारून अकराव्याची वाट पाहणे, यात लेखकाचा दिवस जातो. घरातल्यांना मात्र तो खिडकीतून बाहेर बघताना दिसतो.

मुंबईत असताना गायतोंडे वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेच्या वास्तूत काम करीत. ती वास्तू समुद्राकाठी होती. तिथे एकाच वेळी हुसेन चित्रे काढीत, रविशंकरांची सतार वाजे, अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत. अशा गजबजलेल्या जागी हा मितभाषी माणूस समुद्राकडे पाहत बसे. त्या काळातली त्यांची चित्रे पुष्कळदा आडवी आहेत. पाणी आणि आकाश जिथे मिळते तशी एखादी धूसर आडवी पट्टी त्यांत दिसते. पण त्यांनी समुद्र रंगवला असे म्हणणे चूक होईल. समुद्राकडे पाहण्याची जी शिस्त लागली, ती त्यांनी कापडावर आणली. आपल्या चित्रांना कोणी अमूर्त म्हटलेले त्यांना आवडत नसे. वस्तुनिरपेक्ष अशा अर्थाचा शब्द ते पसंत करीत. उत्तरायुष्यातल्या बोलण्यात तर त्यांनी सगळ्याचा आरंभ शांततेत ठेवला : कापडाची शांतता, सुरीची शांतता, रंगाची शांतता, या सगळ्या शांतता आधी चित्रकाराने आत घ्यायच्या आणि मग आरंभ करायचा, अशा आशयाचे त्यांचे सांगणे होते.

४

येथे चोखंदळ वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. संथपणा हाच काय तो मोठेपणा, असे म्हणायचे आहे का? मग त्याच वास्तूत शेजारी काम करणाऱ्या हुसेनांचे काय करायचे? पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराने सिनेमाची भव्य फलके रंगवून पोट भरले. तिथे हात थांबवला तर मजुरी थांबायची. हुसेनांचा हात जन्मभर तसाच वेगवान राहिला. त्यांनी भरल्या सभागृहात लोकांसमोर, भीमसेन जोशींचे गाणे चालू असताना चित्र काढले. त्यांची चित्रे हजारांनी मोजावी लागतील. म्हणून का ती उणी?

मुळीच नाही. घोड्याची धाव दाखवणारी रेषा एका झपाट्यातच यावी लागते. ती दोन महिने मुरवली तर घोडा बसून जाईल. वेग हा हुसेनांच्या चित्राचा विषय आहे, तसा विलंब हा गायतोंड्यांच्या चित्राचा विषय आहे. प्रश्न घड्याळाचा नाही. चित्राला जेवढा वेळ हवा तेवढा त्याला मिळाला की नाही, हा प्रश्न आहे.

आणखी एक तिसरीच तऱ्हा पाहा. पॅरिसमध्ये अल्बेर्तो जाकोमेत्ती नावाचा शिल्पकार-चित्रकार १९२६ पासून जन्मभर एका लहानशा, धुळीने भरलेल्या खोलीत काम करीत राहिला. १९६४ साली जेम्स लॉर्ड या अमेरिकन लेखकाचे चित्र त्याने काढायला घेतले. एका दुपारचे काम म्हणून लॉर्ड बसला आणि त्याला अठरा दिवस बसावे लागले. जाकोमेत्ती रोज चेहरा रंगवी आणि रोज पुसून टाकी. लॉर्ड रोज त्या चित्राचे छायाचित्र घेई, म्हणून आज आपल्याला त्या एका चित्राखाली गाडलेली कितीतरी चित्रे पाहता येतात. त्यांतली काही कोणाही चित्रकाराने सही करून द्यावी अशी आहेत. इथे हात क्षणभर थांबत नाही, तोंडाने सारखा त्रागा चाललेला असतो, गायतोंड्यांच्या शांततेचा लवलेश नाही. पण आतली गोष्ट एकच आहे. जमलेले नाकारण्याची तयारी दोघांकडेही आहे. एकाने ते नाकारणे रंग पुसून केले, दुसऱ्याने रंग न लावता केले.

म्हणून बसून राहणे ही कलावंताची खूण समजू नये. नुसते बसून राहणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या काहींना आपण कलावंत आहोत असेही वाटत असते! खूण चित्रातच शोधली पाहिजे. गायतोंड्यांच्या बसण्याला किंमत आहे ती उठल्यावर त्यांनी जे केले त्यामुळे.

५

हे इतक्या स्पष्टपणे सांगण्याचे कारण असे की, गायतोंड्यांच्या भोवती आता ऋषिमुनींसारखे वलय उभे राहिले आहे. ते एकटे राहत, कमी बोलत, गर्दी टाळीत. रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज, जे. कृष्णमूर्ती यांच्या विचारांकडे आणि झेन पंथाकडे त्यांचा ओढा होता. हे सर्व खरे आहे. पण त्यावरून त्यांचे चित्र म्हणजे ध्यान, त्यांची खोली म्हणजे गुहा, असे म्हणत हात जोडले की आपले काम संपते. पुढे पाहायची गरज उरत नाही. आपल्याकडे एखाद्याला टाळण्याचा सर्वांत सभ्य मार्ग म्हणजे त्याला संत ठरवणे. संतांच्या ओव्या कोण तपासून पाहतो? आणि मग रोलर कुठे दाबला, कपटा कुठे उचलला, कोणता थर कोणत्या थराला दाबून टाकतो, हे पाहण्याची तसदी कोण घेईल? शिवाय सगळीच चित्रे सारखी उतरलेली नाहीत. काहींत चिन्हे नुसती सजावटीसारखी राहिली आहेत. संतपणाच्या वलयात तेही म्हणता येत नाही. म्हणता आले पाहिजे. जमलेल्या चित्राचे मोल त्यामुळेच कळते.

दुसरे वलय पैशाचे. क्रिस्टी या विलायती लिलावगृहाने २०१३ साली मुंबईत हिंदुस्थानातला आपला पहिला लिलाव केला. त्यात गायतोंड्यांचे १९७९ चे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, आणि पुढच्या काही लिलावांत तो आकडाही मागे पडला. तेव्हापासून त्यांचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागले. ज्या माणसाने वर्षाला पाच-सहाच चित्रे केली, त्याची चित्रे दुर्मिळ असणार आणि दुर्मिळ वस्तू महाग असणार, हा बाजाराचा सरळ न्याय आहे. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण बाजाराला चित्रे कमी आहेत एवढेच दिसते; ती कमी का आहेत, हे दिसत नाही.

या दोन्ही वलयांना बाजूला सारणारी एक घटना त्यांच्या आयुष्यात आहे. १९८४ साली दिल्लीत त्यांना अपघात झाला आणि मोठ्या कापडावर काम करणे शरीराला झेपेना. कित्येक वर्षे ते मोठे चित्र करू शकले नाहीत. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान लहान रेखाटने केली. काळ्या शाईच्या त्या खुणांत मोठ्या चित्रांतला उजेड नाही, थर नाहीत, पण खुणेला जागा कुठे द्यायची आणि कोरा कागद किती राखायचा, हा निवाडा तोच आहे. पुढे ते पुन्हा कापडाकडे वळले. स्वतः होऊन थांबणे निराळे आणि थांबणे नशिबी येणे निराळे. पहिल्याची सवय होती म्हणून दुसरे त्यांना निभावता आले, असे मला वाटते. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्याच्या नावातच चित्र म्हणजे प्रक्रिया आणि चित्र म्हणजे जीवन असे शब्द घातले होते. आपल्या माणसाविषयीचे हे मर्म दूरच्या लोकांनी नेमके टिपले.

६

आता शेवटचा मुद्दा. तो चित्रकारांपेक्षा तुमच्या-आमच्या घराशी अधिक निगडित आहे. थांबलेल्या हाताचे आपल्याला भय वाटते. शाळेत परीक्षेच्या वेळी एखादा मुलगा पेन्सिल खाली ठेवून समोर ठेवलेल्या तांब्याकडे नुसता पाहत राहिला, की पर्यवेक्षक जवळ येऊन म्हणतात, “वेळ चालला आहे, काढ लवकर.” एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांत गुण कागदावरच्या रेघांना असतात, पाहण्याला नसतात, असू शकतही नाहीत. त्यात शिक्षकांचाही दोष नाही, चाळीस मुलांचा वर्ग शांततेने चालत नाही. पण घरी तरी काय होते? मुलगी गच्चीवर ढगांकडे पाहत बसली तर आई हाक मारते, “रिकामी बसली आहेस तर लसूण सोल!” लसूण सोलला गेला पाहिजे, यात वाद नाही. फक्त ती रिकामी बसली होती हे इतक्या खात्रीने आपण कशावरून ठरवतो?

गायतोंड्यांची चित्रे पाहण्याचा योग आपल्यापैकी पुष्कळांना येण्यासारखा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा चित्रसंग्रह ठेवलेला आहे, त्यात ती आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयातही आहेत. सुट्टीत मुलांना घेऊन मुंबईस जाणे झाले आणि त्या वेळी ती भिंतीवर लावलेली असली, तर राणीच्या बागेबरोबर तिकडेही एक फेरी मारावी. “याचा अर्थ काय?” असे मूल विचारील. उत्तर देण्याची घाई करू नये. त्याला म्हणावे, आधी इथे बाकावर बस आणि मला सांग, या पिवळ्याच्या खाली आणखी कोणते रंग दिसतात? पहिल्या मिनिटाला ते म्हणेल, कोणतेच नाहीत. पाच मिनिटांनी एक हिरवा सापडेल. मग एक तांबूस. मग त्याचे तेच बोट दाखवू लागेल, आणि कदाचित आपल्याला न दिसलेला एखादा थर आपल्याला दाखवील. जे चित्र करायला दोन महिने लागले, त्याला आपण एवढी पाच-दहा मिनिटे दिली, तर सौदा फार महाग पडला असे कोणी म्हणणार नाही.